आठ संस्था आणि एक धारण तलाव: बेलापूरहून आलेल्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

नमस्कार. तुम्ही सीबीडी बेलापूरमधून जे विचारले आहे त्याचा गोषवारा आधी मांडते, म्हणजे माझे उत्तर नेमके कशाला आहे हे इतरांनाही कळेल. गेल्या पावसाळ्यात उधाणाच्या भरतीला सेक्टरमध्ये पाणी शिरले, त्याआधी एप्रिल-मे महिन्यांत उकाड्याने माणसे हैराण झाली, आणि त्यातून परिसरातील आठ संस्था एकत्र आल्या: गृहनिर्माण सोसायट्यांचे दोन महासंघ, कोळीवाड्यातील मच्छीमार संस्था, डोंगराच्या पायथ्याच्या वस्तीतील महिला बचत गट, पर्यावरणावर काम करणारे दोन गट, महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजना पथक आणि ज्येष्ठ नागरिक संघ. बैठका झाल्या, व्हॉट्सॲप ग्रुप झाला, वृक्षारोपणही झाले, आणि मग धारण तलावातील, म्हणजे भरतीच्या वेळी शहरातले पावसाचे पाणी साठवून धरणाऱ्या तलावातील, गाळ काढण्यावरून सोसायट्या आणि पर्यावरण गट यांच्यात असे वाजले की पुढची बैठकच होऊ शकली नाही. तुम्ही तीन गोष्टी विचारता: मंचाची नोंदणी करावी का, महापालिकेला हवामानविषयक धोरण करायला कसे लावावे, आणि पैसा कुठून आणावा. जाता जाता राजकीय पुढाऱ्यांना बोलवावे का, हेही विचारले आहे.

ठाणे शहरात आणि खाडीच्या पलीकडे नवी मुंबईत अशा संस्थांच्या आघाड्यांच्या समन्वयाचे काम मी बरीच वर्षे करत आले आहे. त्या अनुभवावरून सांगते की तुमची मूळ अडचण या चारही प्रश्नांच्या आधीची आहे. तुम्ही सगळे विषयावर एकत्र आलात, मागणीवर आला नाहीत. ‘हवामान बदल’ हा विषय एवढा मोठा आहे की त्याखाली कोणीही कोणाच्याही शेजारी बसू शकतो. सोसायटीच्या सचिवांच्या मनात पाणी तुंबण्याचा प्रश्न असतो, पर्यावरण गटाच्या मनात फ्लेमिंगो आणि खारफुटी, मच्छीमारांच्या मनात खाडीतून नाहीसा होत चाललेला जिताडा मासा, आणि बचत गटातील बाईच्या मनात पत्र्याच्या खोलीत दुपारी तापाने फणफणणारे मूल. या सर्वांना ‘आपण हवामानासाठी काम करतो आहोत’ असे वाटत असते, आणि पहिली ठोस मागणी कागदावर उतरवायची वेळ येताच फाटाफूट होते. ती आता झाली हे मी वाईट मानत नाही. निवेदन दिल्यानंतर, आयुक्तांच्या दालनात अधिकाऱ्यांसमोर ती झाली असती, तर सावरणे कठीण गेले असते.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. सभागृहात निवडून आलेले नगरसेवक आहेत की प्रशासक कारभार पाहत आहेत, यावर तुमची वाट बदलते. नवी मुंबईत मे २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून बराच काळ प्रशासकीय राजवट होती. अशा काळात एका चांगल्या भेटीत काम मार्गी लागू शकते, पण आयुक्तांची बदली होताच तेच काम बासनात जाते. नगरसेवक असले की वेळ जास्त लागतो, मात्र एकदा ठराव मंजूर झाला की तो दप्तरात राहतो आणि त्याचा आधार घेऊन पुढच्या अधिकाऱ्याशी बोलता येते. दुसरे म्हणजे जागा कोणाची, हे नवी मुंबईत पावलोपावली पाहावे लागते. नाला महापालिकेकडे असतो, शेजारचा मोकळा भूखंड सिडकोचा, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाचा, असतो, औद्योगिक पट्टा एमआयडीसीचा असतो आणि खाडीकडची खारफुटी वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे असते. चुकीच्या दारात दिलेले निवेदन ‘संबंधित विभागाकडे वर्ग’ होत महिनोन्‌महिने फिरते.

तिसरी गोष्ट तुमच्या भागाच्या इतिहासाची आहे आणि बाहेरून आलेल्या रहिवाशांच्या ती सहसा लक्षात येत नाही. नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात पाच जण हुतात्मा झाले आणि त्या लढ्यातून जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. ज्या घरांत ही आठवण जिवंत आहे त्या घरातल्या माणसाला टॉवरमधून आलेल्या कोणी ‘खाडी वाचवू या’ म्हटले, की पहिला विचार मनात येतो तो असा की यात आपले काय जाणार आहे. तो अविश्वास साधार आहे. तुमच्या बैठकीत कोळीवाड्यातील मंडळी गप्प बसत असतील तर त्याचे एक कारण हे असू शकते.

आता ज्या धारण तलावावरून भांडण झाले तिकडे वळते, कारण माझ्या मते तुमच्या आघाडीचे पहिले खरे काम तेच आहे. बेलापूर आणि वाशीसह नवी मुंबईचे मोठे भाग खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीत, आणि भरावावर वसले आहेत आणि त्यातील बऱ्याच जागा उधाणाच्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत. म्हणून सिडकोने नियोजनातच हॉलंडच्या धर्तीवर धारण तलाव ठेवले. भरतीच्या वेळी खाडीकडच्या झडपा पाण्याच्या दाबाने मिटतात आणि खाडीचे पाणी आत येत नाही. तेवढा वेळ शहरातले पावसाचे पाणी गटारांतून आणि नाल्यांतून येऊन तलावात साठते. ओहोटी लागली की झडपा उघडतात आणि साठलेले पाणी खाडीत निघून जाते. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले तर सेक्टरमध्ये पाणी घोट्यापर्यंत येणार की गुडघ्यापर्यंत, हे या तलावात किती जागा शिल्लक आहे यावर ठरते. तापमानवाढीमुळे थोड्या तासांत कोसळणारा पाऊस वाढतो आहे आणि समुद्राची पातळीही चढते आहे. म्हणजे झडप मिटलेली राहण्याचा काळ वाढणार आणि त्याच काळात तलावात येणारे पाणीही वाढणार. जगभर ज्याची चर्चा चालते तो प्रश्न तुमच्या सेक्टरमध्ये या झडपेपाशी येऊन थांबलेला आहे.

वर्षानुवर्षे भरतीबरोबर गाळ आत आला आणि गाळावर खारफुटी रुजली. सोसायट्या म्हणतात तलाव उथळ झाला आहे, गाळ काढा. पर्यावरण गट म्हणतो खारफुटीला हात लावू नका. दोघांचेही म्हणणे खरे आहे. मुंबई उच्च न्यायालयाने आधी २००५ मध्ये अंतरिम आदेशाने आणि नंतर १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने राज्यभरातील खारफुटीच्या तोडीला मनाई केली आहे. जमीन खासगी असो वा सरकारी, खारफुटीला आणि तिच्या भोवतालच्या ५० मीटरच्या पट्ट्याला संरक्षण आहे, आणि सार्वजनिक हिताच्या कामासाठी तोड अटळ असेल तर न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. त्याआधी कांदळवन कक्ष आणि महाराष्ट्र किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण यांच्याकडून जावे लागते. त्यामुळे ‘जेसीबी लावा आणि गाळ उपसा’ ही मागणी कितीही जोरात केली तरी कोणताही अभियंता तिच्यावर सही करणार नाही. ‘काहीच करू नका’ ही मागणीही ज्यांच्या तळमजल्यावर पाणी शिरते त्यांना मान्य होणे शक्य नाही.

अशाच एका तलावावर मी दोन्ही बाजूंच्या लोकांना, एका जुन्याजाणत्या कोळी काकांना आणि एका कनिष्ठ अभियंत्यांना ओहोटीच्या वेळी बांधावर घेऊन गेले होते. बांधाच्या तोंडाशी लोखंडी झडप होती. तिच्या खालच्या कडेत लाकडाचा ओंडका आणि प्लास्टिकच्या गोण्यांचा गठ्ठा अडकला होता, बिजागऱ्या गंजल्या होत्या, आणि झडप वीतभर उघडीच राहत होती. आम्ही भरती लागेपर्यंत थांबलो. गढूळ पाणी त्या फटीतून आत येऊ लागले तेव्हा काकांनी एका रिकाम्या बाटलीत ते भरून घेतले आणि बाटली बांधावर ठेवून दिली. थोड्या वेळाने बाटलीच्या तळाशी बोटाच्या पेराएवढा करडा चिखल बसला. ‘दिवसातून दोन वेळा हे येतंय,’ एवढेच ते म्हणाले. त्या फटीचा उल्लेख सोसायट्यांच्या तक्रारींत नव्हता आणि पर्यावरण गटाच्या निवेदनातही नव्हता. दोन्ही बाजू तलावाच्या मधल्या भागावर भांडत होत्या, आणि गाळ येत होता तो तोंडाकडून.

त्या दिवसानंतर जो मसुदा तयार झाला त्यात झडपांची आणि पंपांची दुरुस्ती पावसाळ्याआधी पूर्ण करण्याची मागणी सर्वांत वर होती. तिला दोन्ही बाजूंचा विरोध असण्याचे कारण नव्हते. त्यानंतर तलावाच्या खोलीचे सर्वेक्षण करून ते प्रसिद्ध करावे, म्हणजे क्षमता किती उरली आहे यावर अंदाजाने वाद होणार नाही. मग कांदळवन कक्षाकडून खारफुटीची हद्द नकाशावर आणि जागेवर आखून घ्यावी, जिथे खारफुटी नाही अशा उघड्या पाण्यातील गाळ काढण्याचा प्रस्ताव रीतसर पाठवावा, आणि उरलेल्या भागाबाबत न्यायालयात जायचे की नाही हे सर्वेक्षण हाती आल्यावर ठरवावे. पर्यावरण गटाने यात एक मोलाची भर घातली. झडप बारा महिने घट्ट मिटून ठेवली तर आतल्या खारफुटीला खाडीचे पाणी मिळणार नाही आणि ती मरेल; भरती-ओहोटीचा प्रवाह अडवणे हेही एक प्रकारे तिची तोड करण्यासारखेच आहे. म्हणून झडप कोणत्या दिवसांत आणि कोणत्या तासांत मिटायची याचे वेळापत्रक असावे, असे मसुद्यात आले. वरच्या अंगाकडून, म्हणजे डोंगरउतारावरून आणि नाल्यात टाकल्या जाणाऱ्या राडारोड्यातून येणारी माती अडवण्याचे कलम बचत गटाच्या बायकांनी घालायला लावले, कारण रात्री डम्पर कुठे रिकामे होतात हे वस्तीला ठाऊक असते. तुमच्या पारसिक डोंगराच्या बाजूलाही हे कलम लागू पडेल असे मला वाटते, पण ते तुम्ही जागेवर पाहून ठरवा.

म्हणून तुम्हाला माझा पहिला सल्ला असा आहे की पुढची बैठक सभागृहात घेऊ नका, बांधावर घ्या, आणि ती ओहोटी ते भरती अशी सलग घ्या. कोणता दिवस सोयीचा आहे हे मच्छीमार संस्थेला विचारा. भांडलेल्या दोन्ही बाजूंच्या एकेकाने मिळून ते विचारायला जावे.

बैठकीच्या वेळेचा मुद्दा वरवर किरकोळ वाटतो, पण आघाडी कोणाची आहे हे त्यावरून ठरते. रविवारी सकाळी अकराला क्लबहाऊसमध्ये बैठक ठेवली की सोसायट्यांची माणसे येतात. मच्छीमारांचा दिवस तिथीवर चालतो. उधाणाच्या दिवसांत ते पाण्यावर असतात आणि भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असलेल्या, दिवसांत त्यांना त्यातल्या त्यात सवड असते. बचत गटातील अनेक जणी त्याच सोसायट्यांमध्ये घरकाम करतात. ज्या घरात त्या सकाळी भांडी घासतात त्या घरचे सचिवसाहेब अध्यक्षस्थानी बसलेले असताना ‘तुमच्या कंपाउंड भिंतीमुळे आमच्या गल्लीत पाणी तुंबते’ असे म्हणण्याची अपेक्षा त्यांच्याकडून करू नये. त्यांची वेगळी बैठक वस्तीत दुपारी घ्यावी, मुद्दे लिहून घ्यावेत, आणि संयुक्त बैठकीत ते मुद्दे समन्वयकाने वाचावेत. निर्णयाचा नियमही आधीच लिहून ठेवा. मी ज्या आघाड्यांबरोबर काम करते तिथे आम्ही असे ठरवतो की मतांची संख्या मोजायची नाही. ज्यांच्या घरात पाणी शिरते किंवा ज्यांचे पोट त्या पाण्यावर आहे त्यांचा आक्षेप असेल तर ते कलम थांबते, आणि एखाद्या संस्थेला एखाद्या निवेदनावर सही करायची नसेल तर आघाडी न सोडता बाजूला राहण्याची मुभा असते. कोणाला स्वतःच्या नावाने न्यायालयात किंवा पुण्याच्या हरित लवादाकडे जायचे असेल तर जावे, मात्र इतरांना आठवडाभर आधी कळवावे. वृत्तपत्रात वाचून कळले की माणसे दुखावतात आणि मग पुन्हा जोडणे जड जाते.

निवेदन कोऱ्या कागदावर असावे, कोणत्याही एका संस्थेच्या लेटरहेडवर नको. नावे अकारविल्हे. एका निवेदनात एकाच कार्यालयाच्या अखत्यारीतील मागण्या. आवक क्रमांक आणि शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय परतू नका, आणि पोच मिळालेली प्रत सर्व संस्थांकडे ठेवा. निवेदनाआधी माहितीच्या अधिकारात अर्ज केलेला उत्तम: झडपांच्या दुरुस्तीचे कार्यादेश, खोलीच्या आधीच्या मोजण्या, परवानगीसाठी कोणाकडे पत्रव्यवहार झाला आणि तो कुठे अडला आहे. दहा रुपयांच्या अर्जावर कायद्याने ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. बऱ्याचदा असे निघते की अभियंत्यांनी प्रस्ताव केव्हाच पाठवला आहे आणि तो दुसऱ्याच कार्यालयात पडून आहे. मग ज्या अधिकाऱ्याविरुद्ध तुम्ही घोषणा देणार होता तोच तुमचा मित्र निघतो. खारफुटीच्या तक्रारींसाठी उच्च न्यायालयाच्या निर्देशांनुसार कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती आहे आणि त्यांचे कार्यालय तुमच्याच बेलापुरात, कोकण भवनात आहे. इतरांना तिथे जायला अर्धा दिवस मोडावा लागतो. तुम्ही चालत जाऊ शकता.

आता धोरणाविषयी. ‘महापालिकेने हवामान कृती आराखडा करावा’ ही मागणी योग्यच आहे, पण तिचे वजन अंदाजपत्रकात ठरते. मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा प्रसिद्ध केला आणि पुढे २०२४ मध्ये त्यासाठी वेगळा हवामान अर्थसंकल्पही मांडला; त्यातला दुसरा टप्पा मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण अंदाजपत्रकात त्या कामाच्या लेखाशीर्षाखाली तरतूद असली की अभियंता निविदा काढू शकतो. आपल्याकडे आयुक्त साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये अंदाजपत्रक मांडतात आणि त्यासाठी विभागांच्या मागण्या त्याच्या दोन-तीन महिने आधीपासून गोळा होऊ लागतात. म्हणजे तुमची झडपांची आणि सर्वेक्षणाची मागणी दिवाळीनंतर लगेच शहर अभियंत्यांच्या टेबलावर असली पाहिजे. मे महिन्यात, नालेसफाईच्या धामधुमीत दिलेल्या निवेदनाला ‘पुढील वर्षी पाहू’ हेच उत्तर मिळते. नव्या आघाड्या नेमक्या मे-जूनमध्ये जाग्या होतात, कारण पाणी तेव्हा डोळ्यांसमोर येते.

याशिवाय दोन दारे आहेत. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २९-अ नुसार प्रभाग समितीवर त्या भागात काम करणाऱ्या मान्यताप्राप्त स्वयंसेवी आणि समुदाय संस्थांमधून तीनपर्यंत सदस्य नामनिर्देशित करता येतात. ही तरतूद फार थोड्यांना माहीत असते. तुमच्या आठांपैकी एखाद्या नोंदणीकृत संस्थेचे नाव सर्वांनी मिळून पुढे केले, तर विभागाच्या पातळीवर तुमचा माणूस कायम बसेल. दुसरे दार राज्याच्या ‘माझी वसुंधरा’ अभियानाचे. २ ऑक्टोबर २०२० पासून चालणाऱ्या या अभियानात भूमी, जल, वायू, अग्नी आणि आकाश या पंचतत्त्वांनुसार शहरांना गुण दिले जातात, आणि अधिकारी ते गुण मनावर घेतात. तुमची मागणी त्यातील कोणत्या निकषात बसते हे निवेदनात एका ओळीत लिहिले तर उपायुक्तांना ती वर पाठवणे सोपे जाते.

उष्णतेचा विषय तुमच्या प्रश्नात एका वाक्यात येऊन गेला आहे, पण मी तो तलावाच्या लगोलग हाती घेतला असता, विशेषतः बचत गटासाठी. आपल्याकडची उष्णता विदर्भासारखी कोरडी नसते. हवामान विभागाच्या निकषाप्रमाणे किनारपट्टीवर ३७ अंश आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ अंश जास्त तापमान असले की उष्णतेची लाट धरतात, कारण दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरमधील कार्यक्रमात उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाल्याची सरकारी नोंद आहे, आणि खारघर तुमच्या शेजारचेच. अहमदाबादेत २०१० च्या लाटेनंतर महापालिका, सार्वजनिक आरोग्य संस्था आणि संशोधक एकत्र बसले आणि २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा झाला. ठाणे महापालिकेनेही २०२४ मध्ये एका संशोधन संस्थेच्या साहाय्याने असा आराखडा केला. अशा आराखड्यांत एक जागा हमखास रिकामी असते, ती म्हणजे घराच्या आतले तापमान. वागळे इस्टेटच्या बाजूच्या एका वस्तीत बायकांनी साधे तापमापक पत्र्याखाली टांगून दुपारी आणि रात्री झोपताना आकडा वहीत लिहायला सुरुवात केली. बाहेर हवा उतरली तरी खोली रात्रीपर्यंत तापलेली राहते हे त्या वहीतून दिसले, आणि पाणपोई दुपारी उघडी ठेवून रात्रीच्या त्रासावर उपाय होत नाही हे आरोग्य अधिकाऱ्यांना त्या वहीमुळे पटले. पत्र्यावर पांढरा परावर्तक रंग, सार्वजनिक नळाला संध्याकाळी जास्त वेळ पाणी आणि समाजमंदिर रात्री उघडे ठेवणे, या मागण्या तिथून आल्या. तुमच्या महाविद्यालयाच्या पथकाला वृक्षारोपणापेक्षा हे काम द्या. मुले नेमाने नोंदी घेतात, आणि महाविद्यालयाचे नाव असले की नोंदींवर शंका कमी घेतली जाते.

पैशाविषयी मी सावध आहे. निवेदने, माहिती अधिकाराचे अर्ज, बांधावरच्या फेऱ्या, नोंदवह्या यांना फारसा पैसा लागत नाही, आणि पहिल्या वर्षी आघाडीकडे पैसा नसलेलाच बरा. आला की तो कोणाच्या खात्यात जमा व्हायचा यावरून नाती बिघडतात. पुढे गरज पडलीच तर काही बंधने आधी समजून घ्या. परकीय देणगी नियमन कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर परदेशातून आलेला निधी एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. ‘मोठ्या संस्थेने निधी घ्यावा आणि लहानांना वाटावा’ ही जुनी पद्धत त्यामुळे बंद झाली आहे. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीसाठी राबवणाऱ्या संस्थेची कंपनी मंत्रालयाकडे सीएसआर-१ नोंदणी लागते. तुमच्या आसपास कंपन्या पुष्कळ आहेत आणि पैसा देऊ करणारेही भेटतील. खाडीत सांडपाणी सोडल्याची किंवा भराव टाकल्याची तक्रार ज्यांच्याविरुद्ध होऊ शकते त्यांचा पैसा घ्यायचा नाही, हे पैसा समोर येण्याआधी सर्वांनी लिहून ठेवावे. नंतर लिहायला गेलात तर ते एखाद्या संस्थेवर बोट दाखवल्यासारखे होते. संशोधन किंवा सर्वेक्षणासाठी रोख देणगीऐवजी थेट सेवा मागता येते: अभियांत्रिकी महाविद्यालयाकडून खोलीची मोजणी, वास्तुविशारदांकडून नकाशे.

नोंदणीचे उत्तर यातच आले. आत्ता करू नका. संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली नोंदणी केली की दरवर्षी लेखापरीक्षण, पदाधिकारी बदलले की त्या बदलाची नोंद करणारा चेंज रिपोर्ट, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात फेऱ्या, आणि त्याआधी अध्यक्ष कोण याची निवडणूक. निवेदन देण्यासाठी, माहिती मागण्यासाठी, सुनावणीत हरकत नोंदवण्यासाठी यातले काहीच लागत नाही. आठ संस्थांचे एक पानी सहमतीपत्र पुरते: मागणी काय, समन्वयक कोण आणि किती महिन्यांसाठी, निर्णय कसा, प्रसारमाध्यमांशी कोण बोलणार. समन्वयक दर सहा महिन्यांनी बदला आणि एकदा तरी तो कोळीवाड्यातला किंवा बचत गटातला असू द्या. दोन अंदाजपत्रके पार पडल्यावरही सर्व जण एकत्र असाल आणि स्वतःचे कार्यालय, कर्मचारी लागत असतील, तेव्हा नोंदणीचा विचार करा.

राजकीय पुढाऱ्यांबाबत मी सरसकट नाही म्हणणार नाही. अंदाजपत्रकात तरतूद आणि सभागृहात ठराव त्यांच्याशिवाय होत नाही, आणि कोणी तरी पुढाकार घेतला तर त्याचे श्रेय त्याला मिळू द्यावे. पण मागणीचा मसुदा ठरेपर्यंत त्यांना बैठकीला बोलावू नका, आणि मसुदा ठरला की तुमच्या भागातील सर्व पक्षांच्या लोकप्रतिनिधींना तीच प्रत, त्याच दिवशी, दोन-दोन संस्थांच्या प्रतिनिधींनी जाऊन द्या. एखाद्याने त्यात आपले एक कलम घालायला सांगितले तर जागेवर होकार देऊ नका. आठही संस्थांना विचारून कळवतो असे सांगा, आणि विचारूनच कळवा.